पैसे खाटेपर्यंत

पहाटे साडेपाच. फोन येतो तो शेजारच्या गावातल्या एका तिशीतल्या पोराचा. लहानपणी पोलिओ झालेला, बारावी शिकलेला, आणि बँकेचा मेसेज वाचू शकणारा आमच्या पट्ट्यातला पहिला माणूस. "ताई, पैसे पडले," एवढंच बोलून तो फोन ठेवतो. निराधार योजनेच्या पैशाला ठरलेली तारीख नाही. कधी महिन्याच्या सुरुवातीला येतात, कधी शेवटी, कधी दोन महिन्यांचे एकदम. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावांत ही खबर त्याच्याकडून मला कळते आणि माझ्याकडून पुढे जाते.

मी बँक सखी आहे. 'उमेद'च्या बचत गटातून या कामात आले, प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली. यंत्रावर लोकांच्या बोटाचा ठसा घ्यायचा आणि त्यांच्या खात्यातले पैसे त्यांच्या हातात द्यायचे, हे माझं काम. गावात याला मिनी बँक म्हणतात. दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे, पण पैसे पडले की सुरुवातीचे काही दिवस मी ते दुपारनंतरच उघडते. ज्यांना चालता येतं ते थोडं थांबू शकतात. सकाळ खाटेवरच्या माणसांची.

पिशवीत स्कॅनर, पावतीचा लहान प्रिंटर, पॉवर बँक, ओला रुमाल, व्हॅसलिनची डबी, वही आणि काल शाखेतून आणलेली रोकड. पाचशेच्या नोटांतल्या कोऱ्या नोटा मी वेगळ्या काढून ठेवते. त्या कोणासाठी, ते पुढे येईलच.

सकाळी साडेसहा. पहिला मुक्काम कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर. कापूस वेचणीचे दिवस आहेत. साडेसात-आठला धडधाकट माणूस पोडावर उरत नाही. मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाया उजाडताच वावराची वाट धरतात आणि घरात राहतात म्हातारे, लेकरं आणि खाटेवरचे. खाटेवरच्या माणसाला मी एकटं गाठून पैसे देत नाही. घरातलं किंवा शेजारचं एक माणूस समोर हवं. पैसे त्याच्यासमोर मोठ्यानं मोजायचे आणि द्यायचे मात्र ज्याचे त्याच्याच हातात. हा नियम मला कोणी घालून दिलेला नाही. पण तो पाळला नाही तर संध्याकाळी "तिनं कमी दिले" असा बोभाटा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खरोखर कमी पोचलेले कळतच नाहीत. म्हणून सहाला निघायचं.

इथल्या काकाजींना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. गाडीचा आवाज ओळखून ते आधीच ओट्यावर येऊन बसतात. बोट यंत्रावर ठेवतात, पहिल्याच वेळी लागतं. पाचशेच्या पाच नोटा मी त्यांच्या तळहातावर ठेवते आणि मग आम्ही दोघंही गप्प बसतो, कारण आता त्यांचं काम सुरू होतं. ते नोटेचं एक टोक तर्जनीच्या मुळाशी धरतात आणि दुसरं टोक कुठवर येतं ते अंगठ्यानं चाचपतात. जुन्या नोटांच्या लांबीत फरक जास्त असे, हातात घेताच कळे. आताची शंभरची, दोनशेची आणि पाचशेची नोट रुंदीला सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी शंभरच्या नोटेची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. म्हणजे शंभर आणि पाचशे यांच्यातला फरक ८ मिलिमीटरचा. मग ते कडेला बोट फिरवतात. तिथं उठावाच्या तिरप्या रेषा असतात, पाचशेवर पाच, शंभरवर चार. नोट चार हातांतून फिरली की त्या रेषा बसतात आणि बोटाला लागत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी कोऱ्या नोटा. नोट ओळखून देणारं मोबाईल ॲप रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये काढलं आहे, पण काकाजींकडे साधा फोन आहे, आणि पैसे स्वतःच्या बोटांनी ओळखण्यात त्यांचा जो मान आहे तो मला मोलाचा वाटतो.

"आता अडीच हजार भेटते, नाही का वो?" ते दर वेळी विचारतात. भेटतात. निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजाराऐवजी अडीच हजार झाले. त्याआधी जूनमध्ये दिव्यांगांसाठी लढणारे नेते बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते, तेव्हा दिव्यांगांसाठी मागणी सहा हजारांची होती. जुलैत त्यांची पदयात्रा पापळहून निघून आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणला आली. शेतकरी साहेबराव करपे यांचं ते गाव. १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांसह त्यांनी जीव दिला. काकाजींनी त्या पदयात्रेच्या बातम्या शेजारच्या पोराच्या मोबाईलवर रोज ऐकल्या. सहा हजारांचे अडीच झाले म्हणून ते नाराज नाहीत. "आधी सहाशे होते बाई," म्हणतात. २०१९ मध्ये सहाशेचे हजार झाले, २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार. प्रत्येक टप्पा त्यांना पाठ आहे.

सकाळी आठ. तांड्यावरचं घर. बाबा लकव्यानं खाटेवर आहेत, उजवी बाजू गेलेली. उजव्या हाताच्या मुठीतून बोट सोडवून यंत्रावर ठेवणं म्हणजे त्यांना दुखवणं. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यातलं कुठलंही चालतं, हे घरच्यांना माहीत नव्हतं. मागं दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना खाटेसकट गाडीत घालून नेलं होतं आणि अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलं होतं. आता डाव्या हाताची मधली तीन बोटं आम्ही पाळीपाळीनं लावून पाहतो.

अंगठा न लागणं हे आमच्याकडचं रोजचंच दुखणं आहे. ज्या बाईनं सारा जन्म बोंडातून कापूस ओढला, तिच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. वाळलेल्या बोंडाचं टोक सुईसारखं टोचतं, त्यानं बोटाची कातडी फाटते, भरते, पुन्हा फाटते. थंडीत आणखी कोरडी पडते. ओल्या रुमालानं बोट पुसायचं, दोन तळहातांत धरून ऊब द्यायची, व्हॅसलिनचा हलका हात फिरवून कोरडं करायचं आणि मग ठेवायचं. जोरानं दाबलं तर ठसा पसरतो, हलकं ठेवलं तर उमटत नाही. यंत्र लाल दिवा दाखवतं तेव्हा म्हातारी माझ्याकडे पाहते, जणू चूक तिचीच. "माय, बोट तुमचं बरोबर आहे, यंत्राला दिसत नाही," असं मी दर वेळी म्हणते. आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय काही ठिकाणी आली आहे. तिला चांगला उजेड लागतो आणि रेंज लागते. पोडाच्या घरात दोन्ही कमी.

बाबांचं आज मधल्या बोटावर झालं. दीड हजार आले. इतक्या अधू माणसाला दीडच हजार का, तर त्यांच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. ते श्रावणबाळमध्ये म्हातारे म्हणून आहेत. प्रमाणपत्र मिळालं तर हजार रुपये वाढतील, पण त्यासाठी त्यांना चाळीसेक किलोमीटरवर यवतमाळला, वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, डॉक्टरांसमोर न्यावं लागेल. गाडीभाडं, सोबत दोन माणसं, दोघांची बुडालेली मजुरी, आणि त्या दिवशी काम झालं नाही तर पुन्हा तेच. वेचणी संपल्यावर नेतो, असं मुलगा म्हणतो. मी वहीत लिहून ठेवते. दरम्यान मुख्यमंत्री वयोश्रीचा अर्ज तरी भरून घेते. ६५ वर्षांवरच्यांना एकदाच तीन हजार मिळतात, काठी, चष्मा, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी. यांना कमोड खुर्चीची गरज आहे, आणि तिची खरी गरज त्यांना रोज उचलणाऱ्या सुनेला आहे.

पुढची दोन घरं लवकर झाली. एका ठिकाणी रेंज नव्हती, तर आजोबांच्या नातवाला गाडीवर घेऊन टेकाडावर गेले आणि नुसतं खात्याचं पाहून आले. ठशासाठी आजोबांना टेकाडावर कसं नेणार? उद्या पुन्हा.

सकाळी साडेदहा. तालुक्याची शाखा. रोकड घ्यायची आहे. आमचा व्यवहार असा चालतो की माणसानं बोट लावलं की त्याच्या खात्यातले पैसे माझ्या खात्यात येतात आणि मी माझ्याजवळची रोकड त्याला देते. रोकड संपली की मी शाखेच्या रांगेत. कधी मधेच रेंज तुटते, खात्यातून पैसे कटतात आणि यंत्र म्हणतं व्यवहार झाला नाही. अशा वेळी मी जागेवरून हलत नाही. पावती काढते, तारीख-वेळ लिहून देते. पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, न आले तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. म्हातारीला तो नियम सांगून उपयोग नसतो. तिला आज किराणा आणायचा असतो.

रांगेत एक बाई भेटते. विधवा, साठीच्या आसपास. "माये पैसे बंद करून टाकले वो ताई. चार महिने झाले." पासबुक कोरं, खरंच. तहसीलमध्ये जाऊन आली, तिथं यादीत नाव चालू दिसतं. बँकेत म्हणतात, आमच्याकडे आलेच नाहीत. दोघंही खरं बोलतात, आणि मधे ही बाई घाटंजीच्या खेपा घालते आहे.

हे कसं होतं ते नीट सांगायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या निम्म्या याच्याच असतात. पूर्वी तहसील कार्यालय लाभार्थ्यांची यादी आणि पैसे बँकेकडे पाठवायचं, आणि अर्जात लिहिलेल्या खात्यात ते जमा व्हायचे. २०२४ च्या अखेरीपासून पैसे थेट आधारवर येऊ लागले. मधले हात कमी झाले, हे चांगलंच झालं. पण आधारवर म्हणजे कुठल्या खात्यात? ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्या खात्यात. अर्जातल्या खाते क्रमांकाला आता काही अर्थ नाही. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले तेव्हा गावोगाव नवीन खाती उघडली गेली. सुनेचं उघडताना सासूचंही उघडलं, सासूनं अंगठा दिला, आणि आधार नव्या खात्याला जोडलं गेलं. सासूला हे कोणी सांगितलं नाही. तिच्या लेखी तिचं खातं एकच, जुनं, लाल पासबुकाचं.

मी तिचा आधार क्रमांक घेऊन कुठली बँक जोडली आहे ते पाहते. निघालं ते दुसरंच. "तुमचं आणखी एखादं पुस्तक आहे का घरी, मावशी?" ती आठवते. आहे, तांदळाच्या डब्याखाली ठेवलेलं. त्यात सगळे महिने पडलेले असणार. मी तिथंच बोट लावून पाहिलं. सहा हजार निघाले. ती खाली बसली आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मेलेली नोयती मी त्याईच्या कागदात." हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. तो चुकल्यामुळे आपल्याला मेलेलं समजले, असं ती चार महिने धरून बसली होती.

दुपारी साडेबारा. तहसील, संगायो विभाग. संजय गांधी निराधार योजनेला सारे संगायोच म्हणतात. ही योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. आज मी एका नव्या अर्जासोबत आले आहे. अर्जदार ६७ वर्षांची, एकटी राहणारी बाई. अडलं आहे उत्पन्नाच्या दाखल्यावर. अट वर्षाला २१,००० रुपयांची आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे, म्हाताऱ्यांसाठी आणि विधवांसाठी अजून २१,०००. मदत सहाशेची दीड हजार झाली, पण दारावरची अट तिथंच राहिली. आज चार महिने वेचणीला जाणारी बाईही खरं उत्पन्न सांगेल तर या अटीत बसणार नाही. मग कागदावर कमी लिहायचं आणि खरं बोलणारीनं बाहेर राहायचं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्या म्हातारीनं आयुष्यभर कोणाचा पैसा बुडवला नाही, तिला पन्नास रुपये रोजासाठी खोटं बोलायला लावू नये. अट वाढवा, एवढं साधं आहे.

खिडकीवरचे भाऊ चांगले आहेत, कागद नीट पाहतात. तिथंच एक आजोबा पासबुक पुढे करून विचारत होते की दोनशेच का आले. हा प्रश्नही नेहमीचा. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांना इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचे दोनशे येतात आणि उरलेले तेराशे राज्याचे, आणि दोन्ही एकाच दिवशी येतील असं नाही. ऐंशीच्या वरच्यांना केंद्राचे पाचशे. केंद्राचे ते दोनशे २००७ मध्येही दोनशेच होते. आजोबांना म्हटलं, तेराशे येतील, थांबा. ते थांबायला तयारच असतात. त्यांची सगळी तक्रार, कधी येतील हे कोणी सांगत नाही एवढीच. पगाराला तारीख असते तशी याला एक तारीख ठरवून दिली तर अर्ध्या खेपा वाचतील.

दीड वाजता बसस्टँडवर चहा आणि घरून आणलेली भाकर.

दुपारी तीन. हे घर मी मुद्दाम दुपारी घेते, कारण आई तेव्हा भेटते. मुलगी बावीस वर्षांची, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. तिचे दोन्ही हात आत वळलेले, बोटं घट्ट मिटलेली. आईचा आवाज आला की हसते, आणि मीही आता ओळखीची झाले आहे. तिचं बोट माझ्या यंत्रावर येत नाही. तिचं खातं आईच्या सहीवर चालतं आणि असं खातं माझ्याकडे चालत नाही, त्याला शाखेतच जावं लागतं. तेवढ्यासाठीही आधी कायदेशीर पालकत्व लागलं. मुलगी अठराची झाली की आई आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून तो कागद घ्यावा लागतो. आईनं तो घेतला, कितीतरी खेपा घालून.

आता दर महिन्याला अडीच हजार आणायला ती मुलीला शेजारणीजवळ ठेवून तालुक्याला जाते. शेजारीण वावरात गेली तर मुलीला घरात ठेवून बाहेरून कडी. हे सांगताना तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, तुम्ही मान खाली घालू नका.

कारण बँकेनं घरी यायला हवं. ही मेहरबानीची गोष्ट नाही. रिझर्व्ह बँकेचं ९ नोव्हेंबर २०१७ चं परिपत्रक आहे की ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग, आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्या. पैसे घरी पोचवा, हयातीचा दाखलाही घरीच घ्या. आठ वर्षं होऊन गेली. आमच्या भागात ते कोणाच्या कानावर नाही. मी जाते ती माझ्या पेट्रोलवर. कमिशन खाटेजवळच्या व्यवहाराचंही तेवढंच, दुकानातल्या व्यवहाराचंही तेवढंच. म्हणून बरेचजण घरोघर जात नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही. मदतीची रक्कम वाढते तेव्हा बातमी होते. ती रक्कम शेवटच्या दोन किलोमीटरवर कोण नेणार, हे कुठल्याच शासन निर्णयात मी वाचलेलं नाही, आणि माझ्या लोकांचं अडतं ते तिथंच.

ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. सरपंचबाईंना भेटून या मुलीचं नाव यादीत घालायला सांगितलं. त्या तयार आहेत. पण लहान ग्रामपंचायतीची घरपट्टीच किती, आणि तिचे पाच टक्के किती.

संध्याकाळी पाच. दुकान. वावरातून परतलेली माणसं, ओट्यावर गर्दी. इथं काम भरभर होतं. एकच प्रसंग सांगते. एक आजी मुलासोबत आली. मुलगा म्हणाला, सगळे काढा. आजी काहीच बोलली नाही. मी तिलाच विचारलं, "आजी, किती काढू?" तिनं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाचशे काढ." मी पाचशेच काढले आणि पावती तिच्या हातात दिली. मुलगा रागावून गेला. तो वाईट माणूस नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाला भाव नाही, घरात दुसरा पैसाच नाही. पण पैसे आजीचे आहेत. जाताना ती हळूच म्हणाली, "बाकीचे राहू दे. माया औषधाचे हायेत ते."

कोणी दहा रुपये सुटे पुढे करतं, अंगठ्याचे म्हणून. काही ठिकाणी घेतले जातात, त्यामुळे लोकांना ते द्यायचेच असतात असं वाटतं. मी परत करते आणि सगळ्यांसमोर सांगते की याला पैसे नसतात, कोणी मागितले तर देऊ नका.

रात्री साडेआठ. रोकड आणि वही जुळली. उद्याची नावं काढली. टेकाडावर रेंज न मिळालेले आजोबा, लकवावाल्या बाबांचा वयोश्रीचा अर्ज, आणि तांदळाच्या डब्याखालच्या पुस्तकाची मावशी. तिचं आधार कुठल्या खात्याला ठेवायचं ते तिनंच ठरवायचं आहे. मग त्या मुलीच्या आईच्या नावानं शाखेला अर्ज लिहिला. २०१७ च्या परिपत्रकाची प्रत खाली जोडली. मागणी एकच की महिन्यातून एकदा शाखेचं माणूस रोकड घेऊन घरी यावं आणि सही तिथंच घ्यावी. सकाळी पोडावर जायच्या आधी आईची सही घेईन, आणि साडेदहाला शाखेत पोच मागेन. तोंडी "पाहू" म्हटलं तर चालणार नाही, शिक्का आणि तारीख हवी.